शेवटचा कागद आणि पाच दिवस

ऑक्टोबर २००५च्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणीकृत टपालाने एक जाड पाकीट आले. आम्ही तेव्हा शिकागोच्या उत्तर टोकाला, रॉजर्स पार्क भागात, चार वर्षांपासून भाड्याने राहत होतो. इमारत १९२६ सालची, विटांची, तीन मजल्यांची. मधल्या अंगणाला तीन बाजूंनी वेढून बसलेली चोवीस घरे. शिकागोच्या उत्तर भागात अशा अंगणाच्या इमारती गल्लोगल्ली दिसतात. पाकिटात दोन गोष्टी होत्या. पहिली, इमारत नव्या मालकाने घेतली असून तिचे कॉन्डोमिनियममध्ये रूपांतर करण्याचा त्याचा इरादा आहे, अशी सूचना. आणि दुसरी, चोवीसही घरांच्या विक्रीच्या किमतींचा तक्ता. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या घरासमोर १,८९,००० डॉलर लिहिले होते.

ही किंमत पाहून मी पाकीट फ्रिजवर ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजींनी तेच पाकीट हातात घेऊन दार वाजवले. त्या एकतीस वर्षे त्याच घरात राहत होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांना एवढेच जाणून घ्यायचे होते की त्यांना केव्हा निघावे लागेल. त्यांच्यासाठी म्हणून मी ती सूचना प्रथम नीट वाचली. राज्याच्या कायद्याप्रमाणे भाडेकरूला सूचनेपासून किमान १२० दिवस राहता येते, आणि तेवढ्या काळात आपले घर विकत घेण्याचा पहिला हक्कही त्याचाच असतो. शिकागो शहराच्या स्वतःच्या नियमात पासष्टीच्या पुढच्या भाडेकरूंसाठी ही मुदत १८० दिवसांची आहे. हे मी आजींना सांगितले तेव्हा त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "म्हणजे हिवाळा इथेच निघेल." जाता जाता त्यांनी मला एक प्रश्न विचारला, त्याचे महत्त्व मला तीन महिन्यांनी कळले. "सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, ते यांनी कुठे लिहिलंय का?"

रूपांतर म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. एका मालकाची भाड्याची इमारत असते. तिच्यासाठी डिक्लरेशन नावाचा दस्तऐवज नोंदवला जातो, आणि त्या क्षणापासून तिचे कायद्याच्या दृष्टीने चोवीस तुकडे होतात. प्रत्येक घर स्वतंत्रपणे विकता येते; छप्पर, बाहेरच्या भिंती, बॉयलर, नळ, जिने हे सर्वांचे सामाईक होते आणि प्रत्येक घराला त्यात ठरावीक टक्के हिस्सा येतो. इमारत मात्र तीच राहते. काल जे छप्पर एका मालकाची डोकेदुखी होते, ते आज चोवीस जणांची होते. बिल्डर आतून रंग काढतो, फरशा बदलतो, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचा फ्रिज बसवतो, आणि ग्राहकाला तेवढेच दिसते. म्हणूनच इलिनॉय राज्याचा कायदा नव्या इमारतीच्या बिल्डरकडून जी माहिती मागतो, त्याहून जास्त माहिती रूपांतर करणाऱ्या बिल्डरकडून मागतो.

हा कायदा १९६३चा. योगायोग असा की महाराष्ट्रात बिल्डरांना लगाम घालणारा मोफा कायदाही त्याच सालचा आहे. बाबा पुण्यात ज्या अपार्टमेंटमध्ये राहतात ती सोसायटी नसून १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेली आहे, आणि ते तिथल्या असोसिएशनचे खजिनदार होते. फोनवर मी त्यांना कॉन्डोमिनियम हा शब्द समजावून सांगू लागलो, तर ते मध्येच म्हणाले, "अरे, म्हणजे आपलं डीड ऑफ डिक्लरेशनच की. हिस्सा किती टक्के लिहिलाय, ते आधी बघ." इमारतीचे असे तुकडे करण्याची रीत मला पुण्याहून कळावी, याची मला थोडी लाजही वाटली.

आम्ही घ्यायचे ठरवले. मुलगी दोन वर्षांची होती, मिशिगन तळ्याचा किनारा दहा मिनिटांवर होता, डेव्हन अव्हेन्यूवरची भारतीय दुकाने बसने जवळ होती. शिकागोत घराच्या व्यवहाराला वकील घेण्याची पद्धतच आहे. आमच्या वकीलबाई पोलिश वंशाच्या, मोजके बोलणाऱ्या आणि लाल पेनाने वाचणाऱ्या होत्या. त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितले, "किमतीवर नंतर बोलू. आधी त्यांनी काय काय दिलंय ते दाखवा. कायद्यात यादी आहे."

इलिनॉयच्या त्या कायद्याचे बाविसावे कलम त्यांनी माझ्यासमोर ठेवले. पहिल्या विक्रीच्या वेळी विकणाऱ्याने खरेदीदाराला करारावर सही होण्याआधी डिक्लरेशन, असोसिएशनचे उपविधी, चालू खर्चाचा अपेक्षित अर्थसंकल्प आणि घराचा नकाशा दिलाच पाहिजे. अर्थसंकल्पात दरमहा किती भरावे लागेल आणि मेंटेनन्स किती, याचा तपशील हवा. इथवरचे नव्या-जुन्या सर्वच कॉन्डोंना लागू आहे. पुढे रूपांतराच्या इमारतींसाठी वेगळी भर आहे, आणि खरा मजकूर तिथे आहे. खरेदीच्या वेळी एकरकमी काही शुल्क घेणार असल्यास त्याची रक्कम आणि त्यामागचा आधार. मागच्या दोन वर्षांत इमारतीच्या दुरुस्ती-देखभालीवर प्रत्यक्ष झालेला खर्च, उपलब्ध असेल तर, नव्या अर्थसंकल्पाच्या शेजारी तक्त्यात मांडून आणि प्रत्येक घराच्या हिश्श्याप्रमाणे फोडून. मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखीव निधीची काय तरतूद केली आहे आणि ती कशाच्या आधारावर. तरतूद नसेल तर नाही, असे स्पष्ट शब्दांत. आणि सहापेक्षा जास्त घरांची इमारत असेल तर इंजिनियरचा अहवाल: इमारतीच्या सांगाड्याचे सगळे भाग आणि मुख्य यंत्रणा कधी बांधल्या वा बसवल्या, मोठी दुरुस्ती कधी झाली, आणखी किती वर्षे टिकतील, आणि बदलायच्या झाल्या तर आजच्या भावाने काय खर्च येईल.

या "सहापेक्षा जास्त" शब्दांकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही, कारण आमची घरे चोवीस होती. पण शिकागो शहर तीन घरांच्या आणि सहा घरांच्या विटांच्या इमारतींनी भरलेले आहे. माझ्या एका मित्राने त्याच वर्षी सहा घरांच्या रूपांतरित इमारतीत घर घेतले आणि त्याला इंजिनियरचा अहवाल मिळाला नाही, कारण तो द्यावा लागतच नव्हता. बॉयलर जुना असण्याला इमारतीत सहा घरे आहेत की सात, याने काय फरक पडतो, हे मला आजही उमगलेले नाही.

विक्री कार्यालय तळमजल्यावरच्या एका रिकाम्या घरात थाटले होते. तिथे मिळालेली फाइल गुळगुळीत आणि रंगीत होती. पहिली आठ पाने सूर्यास्ताच्या उजेडातल्या अंगणाची. त्यामागे डिक्लरेशनचा मसुदा होता. मसुदा असणे स्वाभाविक होते, कारण सूचनेनंतर १२० दिवस उलटल्याशिवाय ते नोंदवताच येत नाही. उपविधी होते, नकाशा होता, अर्थसंकल्प होता. शिसेयुक्त रंगाबाबतची पुस्तिका आणि निवेदन होते. १९७८पूर्वीच्या प्रत्येक घरासाठी ते १९९२च्या केंद्रीय कायद्याने लागते, आणि घरात रांगते-चालते मूल असेल तर तो कागद केवळ सही करून सरकवण्यासारखा नसतो. इंजिनियरचा अहवाल मात्र नव्हता. विक्री करणारा तरुण हसतमुख होता. "तो येतोय. ती फक्त औपचारिकता असते," असे म्हणून त्याने मला पेन दिले.

मी वकीलबाईंना फोन केला. मला वाटले होते, त्या थांबा म्हणतील. त्या म्हणाल्या, "करा सही. पण पावती घ्या, आणि पावतीवर काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे दोन्ही लिहून घ्या." कारण त्याच कलमात पुढे असे आहे की सगळी माहिती सहीच्या वेळी उपलब्ध नसेल, तर यादीतला शेवटचा कागद हाती पडल्यापासून पाच दिवसांपर्यंत, किंवा व्यवहार पुरा होईपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर, खरेदीदाराला करार रद्द करता येतो. आणि माहिती दिलीच नाही, तर व्यवहार पुरा होण्याआधी केव्हाही करार मोडून विसाराची सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. व्याजाचा दर न्यायालयीन निवाड्यांवर असतो तोच, म्हणजे तेव्हा नऊ टक्के. थोडक्यात, ज्या कागदाला तो तरुण औपचारिकता म्हणत होता, तो येईपर्यंत दार माझ्यासाठी उघडे होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की अपुरी फाइल हीसुद्धा एक सोय असू शकते.

नोव्हेंबरमध्ये सही झाली, विसार एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताकडे, गेला. वाट पाहण्याच्या दिवसांत मी जे हाती होते ते वाचत बसलो. डिक्लरेशन वाचणे कंटाळवाणे काम आहे. त्यातली सत्तर पाने कोणत्याही इमारतीला चालतील अशी होती. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी हिस्सा शोधला: ४.३ टक्के. तो आकडा मी एका चिठ्ठीवर लिहून फाइलच्या कव्हरवर डकवला. पुढचे सगळे हिशेब त्याच आकड्याने केले.

अर्थसंकल्प एका पानाचा होता. वर्षाचा एकूण खर्च ७४,४०० डॉलर. त्यात माझा हिस्सा महिन्याला साधारण २६७. शेजारी, कायद्याने सांगितल्याप्रमाणे, मागच्या दोन वर्षांचे रकाने होते. विमा, पाणी, कचरा, बर्फ उपसणे, रखवालदाराचा पगार हे आकडे साधारण जुळत होते. गॅसचा आकडा जुळत नव्हता. आमची इमारत तळघरातल्या एका बॉयलरच्या वाफेवर तापत असे, म्हणजे चोवीसही घरांची ऊब सामाईक खर्चात धरली जाते. सप्टेंबर २००४पर्यंतच्या वर्षात गॅसवर २६,९०० डॉलर गेले होते, पुढच्या वर्षात २९,७००. नव्या अर्थसंकल्पात २१,०००. त्यातही, ऑगस्टमध्ये कतरीना वादळाने मेक्सिकोच्या आखातातले गॅसचे उत्पादन विस्कटून टाकल्यापासून भाव चढलेले होते आणि हिवाळा तर अजून सुरू व्हायचा होता. इमारतीला नवा मालक मिळाला म्हणून रेडिएटर कमी गॅस खाणार नव्हते. तिन्ही आकडे एकाच ओळीत, बोटभर अंतरावर छापलेले होते. बिल्डरने काहीच लपवले नव्हते. कायद्याने त्याला आकडे शेजारी शेजारी मांडायला लावले, त्याने ते मांडले, आणि कुणी ओळ आडवी वाचणार नाही यावर भिस्त ठेवली.

प्रत्येक घराच्या हिश्श्याची फोड मात्र तक्त्यात नव्हती, फक्त एकूण आकडे होते. वकीलबाईंनी तिथे लाल पेनाने वर्तुळ काढले. मी म्हणालो, ४.३ने गुणायला कॅल्क्युलेटर पुरतो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला पुरतो. पण कायद्याने हे काम त्यांचं आहे, आणि त्यांनी ते केलेलं नाही, एवढं मला पत्रात लिहिता येतं."

अर्थसंकल्पाच्या तळाशी राखीव निधी म्हणून वर्षाला २,४०० डॉलर दाखवले होते. चोवीस घरे, म्हणजे घरामागे वर्षाला सरासरी शंभर. आधार म्हणून एकच वाक्य होते: तत्सम इमारतींच्या अनुभवावरून. खरेदीच्या वेळी प्रत्येकाकडून दोन महिन्यांचा मेंटेनन्स एकरकमी घेतला जाणार होता, माझे ५३४ डॉलर. तो राखीव निधीत जाणार नसून सुरुवातीच्या चालू खर्चासाठी होता, असेही प्रामाणिकपणे छापलेले होते.

डिसेंबर गेला. विक्री कार्यालयात अंगणातल्या देखाव्याचे दिवे लागले आणि उतरले. १२ जानेवारी २००६ला, गुरुवारी संध्याकाळी, इंजिनियरचा अहवाल आला. मी पाकिटावर तारीख आणि वेळ लिहिली. पाच दिवस म्हणजे मंगळवार. मध्ये शनिवार, रविवार, आणि सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. अहवाल नेमका लांब सुट्टीच्या तोंडावर येण्यात काही हेतू होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. वकीलबाई फोनवर एवढेच म्हणाल्या, "मला रविवारी रात्रीपर्यंत आकडे द्या."

शनिवारी संक्रांत होती. पत्नीने तिळगूळ केला होता, स्वयंपाकघराच्या टेबलावर एका बाजूला ताटात वड्या गार होत होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी चौतीस पानांचा अहवाल पसरून बसलो होतो. इंजिनियरची भाषा कोरडी, पण सरळ होती. छायाचित्रे होती: गच्चीच्या कठड्यावरच्या विटांमधल्या दर्जांचा चुना झडलेला, खिडक्यांवर विटांचा भार पेलणारे लोखंडी लिंटेल गंजून फुगलेले, त्यांनी वरच्या विटा उचललेल्या. मी चार वर्षे त्याच खिडक्यांखालून ये-जा करत होतो, आणि ती फुगलेली रेघ मी छायाचित्रातच पहिल्यांदा पाहिली.

शेवटच्या दोन पानांवर तक्ता होता. मागचे लाकडी पोर्च आणि जिने: २००४मध्ये नवे, आयुष्य वीस वर्षे. हे एक चांगले होते, आणि त्याचे कारण शहरातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. जून २००३मध्ये लिंकन पार्कमध्ये असाच मागचा पोर्च गर्दीच्या भाराने कोसळून तेरा तरुण माणसे दगावली, आणि त्यानंतर पोर्चची तपासणी कडक झाली. आधीच्या मालकाने म्हणूनच ते बांधून घेतले असणार. बॉयलर: १९७९, उरलेले आयुष्य तीन वर्षे, बदलण्याचा खर्च ४६,००० डॉलर. छप्पर: १९९४, उरलेली आठ वर्षे, ५८,०००. कठडा, लिंटेल आणि विटांमधल्या दर्जा भरणे: दोन ते तीन वर्षांत करावे, ९२,०००. आणि पाण्याच्या उभ्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपांसमोर, आयुष्याच्या रकान्यात, आकड्याऐवजी शब्द होते: अपेक्षित आयुष्य संपलेले. खर्च ६४,०००.

आजींच्या तांबूस पाण्याची नोंद अशी सरतेशेवटी सापडली. मी अहवाल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी हे आधीच्या मालकाला पंधरा वर्षं सांगत होते." मग त्यांनी तिळाची वडी दातांनी जपून तोडली आणि ही कशाची, असे विचारले.

बेरीज सोपी होती. आठ वर्षांच्या आत २,६०,००० डॉलरची कामे. त्याच आठ वर्षांत, अर्थसंकल्पातल्या दराने, राखीव निधीत जमणार होते १९,२००. उरलेल्या २,४०,८०० डॉलरमध्ये ४.३ टक्क्यांनी माझा वाटा दहा हजारांच्या वर जात होता. ही रक्कम किमतीच्या तक्त्यात नव्हती, अर्थसंकल्पात नव्हती, अहवालातही नव्हती. एका कागदावर निधी होता, दुसऱ्यावर आयुष्य आणि खर्च. कायद्याने दोन्ही कागद मला मिळवून दिले होते, पण ते एकमेकांसमोर धरा, असे कोणत्याच कागदावर लिहिलेले नव्हते. फाइलमध्ये तर ते दोन वेगवेगळ्या रंगांच्या खणांत होते.

संक्रांतीच्या शुभेच्छांसाठी बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना आकडे सांगितले. त्यांनी क्षणभर विचार करून विचारले, "बिल्डरकडे किती घरं राहणार, आणि तो मेंटेनन्स भरणार का?" न विकलेल्या घरांचा मेंटेनन्स बिल्डरलाच भरावा लागतो. बाबांचे म्हणणे असे की गॅसचा आणि निधीचा आकडा लहान का, हे तिथेच कळते: विक्री होईपर्यंत मेंटेनन्स जितका कमी, तितकी घरे लवकर खपतात आणि त्याच्या स्वतःच्या खिशालाही कमी तोशीस. पुण्यात त्यांनी हेच पाहिले होते.

रविवारी रात्री मी वकीलबाईंना एक पान पाठवले. मंगळवारी सकाळी त्यांचे पत्र बिल्डरच्या वकिलाकडे पोचले. पत्रात धमकी नव्हती. अहवाल अमुक तारखेला मिळाला, पाच दिवसांची मुदत आज संपते, तक्त्यात घरनिहाय फोड नाही, राखीव निधीचा आधार अहवालाशी विसंगत आहे. तरी अर्थसंकल्प सुधारावा आणि किमतीत दहा हजार डॉलर कमी करावेत, अन्यथा हे पत्र करार रद्द केल्याची सूचना समजावी. दुपारी उत्तर आले. अर्थसंकल्प बदलणार नाही, कारण तो इतर ग्राहकांना दिलेला आहे. किमतीतून सहा हजार मिळतील. वकीलबाईंनी मला ठरवायला एक तास दिला. पत्नी म्हणाली, "बॉयलर तीन वर्षं चालला तर तेवढ्यात आपण चार हजार बाजूला टाकू." आम्ही हो म्हटले.

हा सौदा शहाणपणाचा होता की नाही, यावर आमच्या घरात आजही दोन मते आहेत. त्या फाइलमध्ये एक गोष्ट नव्हती आणि असूही शकत नव्हती: दोनच वर्षांनी बाजार कोसळणार होता आणि आमच्या घराची किंमत बॉयलरच्या खर्चातल्या आमच्या वाट्याहून कितीतरी पटींनी खाली येणार होती. त्या तुलनेत दहा हजारांसाठी केलेली माझी संक्रांत हास्यास्पद वाटते. पण बाजाराबद्दल मला कुणी सांगू शकले नसते, आणि पाइपांबद्दल सांगू शकत होते.

फेब्रुवारीत डिक्लरेशन नोंदले गेले, मार्चमध्ये घर आमच्या नावावर झाले. आजी एप्रिलमध्ये, आपले १८० दिवस पुरे करून, मुलीकडे विस्कॉन्सिनला गेल्या. त्यांच्या घरात ग्रॅनाइटचा ओटा बसला. नळाला सकाळी तांबूस पाणी येतच राहिले.

२००७च्या उन्हाळ्यात अठरावे घर विकले गेले. पंचाहत्तर टक्के घरे विकली गेली, की साठ दिवसांच्या आत मालकांचे पहिले संचालक मंडळ निवडावे लागते. विक्री रेंगाळली तरी डिक्लरेशन नोंदल्यापासून तीन वर्षांत. तळघरातल्या धुलाईयंत्रांच्या खोलीत सभा झाली. खजिनदार कोण होणार, हा प्रश्न आला तेव्हा सगळे कपडे वाळवण्याच्या यंत्रांकडे पाहू लागले. मी हात वर केला, मुख्यतः घराण्याची परंपरा म्हणून. बिल्डरने हिशेब, करार, विम्याचे कागद आणि निधी सुपूर्द केला. निधीत साडेतीन हजारही नव्हते. पहिल्या वर्षाचा गॅसचा खर्च ३३,००० झाला होता. आम्ही मेंटेनन्स वाढवला आणि शेजाऱ्यांनी मला जिन्यात ओळख देणे कमी केले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी अहवाल उघडलेलाच नव्हता. एकाने तर त्यावर कुंडी ठेवलेली मी पाहिली.

बॉयलर जानेवारी २००९मध्ये बंद पडला, १९७९ अधिक तीस, अगदी वर्षाच्या हिशेबाने. बाहेर उणे वीस होते. नवा ५१,००० डॉलरला बसला, कारण अहवालातला आकडा २००६च्या भावाने होता. माझ्या वाट्याला विशेष आकारणी म्हणून २,१९३ डॉलर आले, आणि ते आमच्याकडे बाजूला टाकलेले होते. अकरा घरांकडे नव्हते. त्यांच्याकडून हप्त्याने वसुली करता करता उन्हाळा आला. विटांचे काम आम्ही दोन टप्प्यांत केले, पाइप एकेका जिन्याचे बदलले.

२०१२च्या शरद ऋतूत खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने घर विकायला काढले. पुनर्विक्रीच्या वेळी ही यादी वेगळी असते. बाविसाव्याच्या मागोमाग येणाऱ्या पोटकलमाप्रमाणे आता माहिती बिल्डर नाही, तर असोसिएशन देते: राखीव निधीची स्थिती, चालू असलेले खटले, विमा, आणि चालू व पुढच्या दोन आर्थिक वर्षांत अपेक्षित असलेले मोठे खर्च. तो फॉर्म खजिनदार म्हणून माझ्याकडे आला. शेजारी स्वतः घेऊन आला आणि बसला. त्याने १,९५,०००ला घेतलेले घर ९८,०००ला जात होते आणि तेही ग्राहक बिचकत होता. तो म्हणाला, "छपराचं अजून काही ठरलेलं नाही ना? सभेत ठराव झालेला नाही. मग 'काही नाही' लिहायला काय हरकत आहे?"

ठराव झालेला नव्हता, हे खरेच होते. मी कपाटातून २००६ची फाइल काढली, तक्त्याचे पान उघडून त्याच्यासमोर ठेवले. छप्पर, उरलेली आठ वर्षे. त्याने ते वाचले, बोटांवर मोजले आणि विचारले, "हे मला तेव्हा मिळालं होतं?" मी म्हटले, सगळ्यांना मिळाले होते. फॉर्मवरच्या रकान्यात मी लिहिले: छप्पर, २०१४, अंदाजे ७०,००० डॉलर, राखीव निधीतून ४१,००० उपलब्ध. खाली तारीख घालून सही केली आणि प्रत काढून त्याच्या हातात दिली.